आठवी आज्ञा आणि सोपविलेले धन

वाचनाचे भाग: लेवीय ६:१–७, २ राजे १२:४–१५, एज्रा ८:२१–३४, योहान १२:१–८, प्रेषितांची कृत्ये ५:१–११, २ करिंथ ८:१६–२४.

आठवी आज्ञा आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही तोंडपाठ असते. (रोमन कॅथोलिक बंधू हिला सातवी म्हणतात; गणना निराळी, आज्ञा तीच.) शब्बाथशाळेत तिचा अर्थ विचारला असता मुले चटकन सांगतात की, रात्री भिंत फोडून घरात शिरतो तो चोर, बाजारात खिसा कापतो तो चोर, दुसऱ्याच्या मळ्यातील कणसे खुडून नेतो तो चोर. उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. ज्याच्या हाती आपणच पेटीची किल्ली दिली, ज्याने कोणाचे कुलूप तोडले नाही की कोणास दमदाटी केली नाही, अशा मनुष्याने त्या पेटीतील रक्कम आपल्या घरखर्चास लाविली, तर त्याने कोणती आज्ञा मोडली? ह्या प्रश्नापाशी पुष्कळ मंडळ्यांत वडील माणसेही अडखळतात. कोणी म्हणतो, ही चूक आहे. कोणी म्हणतो, ही अडचण आहे. चोरी असे म्हणावयास जीभ रेटत नाही. ह्या पाठात त्या मनुष्याविषयी, आणि त्याच्या कृत्यास जी नावे दिली जातात त्यांविषयी, विचार करावयाचा आहे.

प्रथम आमच्या मराठी बोलीकडे पाहू. उघड्या चोरीसाठी आमच्यापाशी कठोर शब्दांची वाण नाही. घरफोडी, वाटमारी, दरोडा, लूट, हे शब्द कानी पडताच मनुष्य सावध होतो. परंतु मंडळीच्या दानपेटीतील, भिशीतील किंवा गावच्या सोसायटीतील रकमेची गोष्ट निघाली की तीच जीभ एकाएकी मवाळ होते. "त्यांनी पैसे वापरले," "थोडे इकडचे तिकडे झाले," "रक्कम फिरविली," "हिशेबात घोळ झाला," असे आम्ही म्हणतो. ह्या शेवटच्या वाक्यात तर कर्ताच नाही. घोळ जणू वळवाच्या पावसासारखा आपला आपण आभाळातून पडला! त्यातल्या त्यात "पैसे खाल्ले" हा खेड्यातील शब्द आम्हांस प्रामाणिक वाटतो, कारण त्यात खाणारा दिसतो. मार्क १२:४० मध्ये प्रभू येशूने शास्त्र्यांवर विधवांच्या घरांविषयी जो आरोप ठेविला, तेथील ग्रीक क्रियापदही खाऊन फस्त करण्याचेच आहे.

कचेरीत व वर्तमानपत्रात ह्या कृत्यास अपहार किंवा अफरातफर म्हणतात. अपहार हा संस्कृत शब्द. त्याचा मूळ अर्थ दूर नेणे, हरण करणे. आज मराठीत तो विशेषेकरून दुसऱ्याने सोपविलेल्या धनाविषयी वापरतात. अफरातफर हा अरबीतून आलेला जोडशब्द आहे. त्याच्या एका अंगाचा अर्थ अतिरेक व दुसऱ्याचा उणीव. एका बाजूस फुगवटा, दुसऱ्या बाजूस खड्डा, असे खोट्या वहीचे चित्रच त्यात उभे राहते. हिंदी भाषेत अफरातफरी म्हणजे नुसती धांदल व पळापळ. अपहारास ते लोक गबन म्हणतात, आणि प्रेमचंदांची ह्याच नावाची कादंबरी १९३१ साली प्रसिद्ध झाली. तीतील रमानाथ नगरपालिकेच्या जकातीचा नोकर. पत्नीच्या दागिन्यांपायी तो कर्जात बुडतो, जकातीचे पैसे घरी आणतो, ते हातचे जातात, आणि भरपाई होत नाही म्हणून भयाने कलकत्त्यास पळून जातो. इकडे त्याची पत्नी आपला हार विकून ती रक्कम भरून टाकते. घरी एक शब्द खरा बोलला असता तर पळावे लागले नसते. ज्या पत्नीपासून त्याने गोष्ट लपविली तिच्याच हाती सुटका होती. आमच्या उपदेशक बंधूंनी हे ध्यानी घ्यावे, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी कर्जाची गोष्ट बायकोस शेवटी कळते.

आता आमच्या घरगुती भाषेतील एक शब्द घेऊ: उचलणे. ओझे उचलणे हे हमालाचे सरळ काम. मजुराने हंगामाआधी मालकाकडून रक्कम घेतली तर ती उचल. ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांस हा शब्द नीट ठाऊक आहे, आणि त्यात काही लबाडी नाही. परंतु दुकानातील वस्तू कोणी पाहत नाही असे बघून "उचलली" म्हटले की ती चोरी झाली, आणि असे करणारा उचल्या. एकच क्रियापद, हात तोच, वस्तू तीच, भेद एवढाच की, मालकाच्या देखत व त्याच्या संमतीने की त्याच्या पाठीमागे. योहानाच्या शुभवर्तमानातील एका वचनाची किल्ली आम्हांस ह्या मराठी शब्दातच सापडते.

बेथानी येथे मरियेने मोलवान सुगंधी तेल प्रभूच्या चरणांस लाविले, तेव्हा यहूदा इस्कर्योत म्हणाला की हे तीनशे दीनारांस विकून गरिबांस का दिले नाही. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज (मत्तय २०:२). अर्थात तीनशे दीनार ही जवळजवळ वर्षाची कमाई झाली. ह्यावर योहान सांगतो की यहूदास गरिबांची पर्वा नव्हती. तो चोर होता, त्याच्याजवळ पेटी असे, आणि तीत टाकलेले तो... येथे ग्रीक क्रियापद आहे बास्टाझेइन. त्याचा साधा अर्थ उचलून वाहणे. वधस्तंभ वाहण्याविषयी तेच येते. परंतु उचलून पळविणे असाही त्याचा अर्थ होतो. म्हणून कित्येक भाषांतरकार लिहितात की तो पेटीतील पैसे वाहत असे, व कित्येक लिहितात की तो ते चोरीत असे. मराठीत हा वाद उरतच नाही. तो पेटीत पडलेले उचलीत असे, एवढे म्हटले की दोन्ही अर्थ एकदम येतात. त्याचे कामच उचलण्याचे होते, आणि त्याचे पापही तेच. मंडळीने ज्या कामासाठी हात नेमिला त्याच कामाच्या आडोशाने तो हात चोरी करितो, हेच अपहाराचे निराळेपण आहे.

ह्या पेटीत पैसे कोणाचे होते, हेही पाहावे. लूक ८:२–३ मध्ये मग्दालीया मरिया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना व दुसऱ्या पुष्कळ स्त्रिया आपल्या द्रव्याने प्रभूची व शिष्यांची सेवा करीत होत्या असे आहे. तेव्हा पेटीतील नाण्यांत बायकांनी दिलेली नाणी होती. आणि इतर शिष्यांस काही संशय होता काय? योहान १३:२९ वाचा. यहूदा रात्री जेवणावरून उठून बाहेर गेला, तेव्हाही कित्येकांस वाटले की तो सणाचे सामान आणावयास किंवा गरिबांस काही द्यावयास गेला. शेवटच्या घटकेपर्यंत त्याच्या चोरीचा वास कोणास आला नाही. गरिबांचे नाव घेऊन बोलणाऱ्या खजिनदाराकडे पाहून मंडळी संतुष्ट राहते. तेवढ्यावर तिने राहू नये.

योहानाने यहूदास चोर म्हटले तेथे ग्रीक शब्द क्लेप्टेस हा आहे. दुसरा शब्द लेस्टेस; तो उघड बळाने लुटणाऱ्याचा. बरब्बास लेस्टेस होता, प्रभूच्या दोन्ही बाजूंस खिळलेले लेस्टेस होते, यरीहोच्या वाटेवर प्रवाशास अर्धमेला टाकून गेले ते लेस्टेस होते. योहान १०:१ मध्ये दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. इब्री भाषेतही अशीच दोन नावे आहेत: गुपचूप चोरणे ते गानब, हिसकावून घेणे ते गाझल. आठव्या आज्ञेत गानब आहे, गाझल नाही. म्हणजे आमच्या बालवर्गात प्रथम आठवतो तो सुरीवाला दरोडेखोर ह्या आज्ञेचा मुख्य विषयच नव्हे; आज्ञेचा रोख न दिसणाऱ्या हाताकडे आहे.

आणखी एक शब्द पाहू, आणि ह्यावर थोडे थांबू. हनन्या व सप्पीरा ह्यांच्या वृत्तांतात, त्याने किमतीतून काही ठेवून घेतले, असे जेथे म्हटले आहे (प्रेषितांची कृत्ये ५:२–३), तेथे ग्रीक क्रियापद नोस्फिझेस्थाइ आहे. त्याच्या मुळाशी "बाजूला, वेगळे" असा शब्द आहे. तेव्हा अर्थ असा की, आपल्यासाठी बाजूला काढणे, दाबून ठेवणे. हा शब्द नव्या करारात फक्त आणखी एका ठिकाणी येतो: तीत २:१० मध्ये. तेथे दासांनी धन्याच्या मालातून काही लांबवू नये असा बोध आहे. त्या काळी धन्याची कोठारे व वह्या पुष्कळदा दासांच्याच हाती असत. आणि जुन्या कराराचे जे प्राचीन ग्रीक भाषांतर पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांत वाचले जाई, त्यात यहोशवा ७:१ मध्ये आखानाविषयी हाच शब्द आहे. आखानाने लुटीतून एक बाबेली झगा, दोनशे शेकेल रुपे व पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट काढून आपल्या तंबूत पुरली होती. लूकाने हनन्याविषयी लिहिताना हा शब्द घातला तेव्हा वाचकांस आखानाची आठवण व्हावी, असा त्याचा हेतू असावा असे आम्हांस वाटते.

येथे चौकस वाचक विचारील की जमीन हनन्याचीच होती, मग चोरी कशी? पेत्राने स्वतःच म्हटले की जमीन विकण्यापूर्वी त्याची होती व विकल्यावरही पैसे त्याच्या हाती होते. खरे आहे. सर्व देण्याची सक्ती कोणी केली नव्हती, आणि आमच्या काही सभांत वर्गणी काढताना ह्या वृत्तांताचा धाक घालतात तो अन्याय आहे. हनन्याचे पाप देण्यातील उणेपणाचे नव्हते. अर्धे देऊन सर्व दिले असे दाखविण्याचे होते. आमच्या मते नोस्फिझेस्थाइ हा शब्द येथे ह्यामुळे बसतो की, ज्या क्षणी त्याने ती रक्कम "ही सर्व किंमत" म्हणून देवापुढे मांडिली, त्या क्षणी मागे ठेविलेला भाग त्याचा राहिला नाही. देणारा असो की पेटी सांभाळणारा असो, दोघांच्या अपहारास खोटा आकडा लागतोच. भिंत फोडणाऱ्या चोरास खोटे लिहावे लागत नाही. ह्यास लिहावे लागते, आणि एकदा लिहिले की दर रविवारी लिहावे लागते.

जगाच्या न्यायालयांसही हे पाप ओळखावयास वेळ लागला. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात, दुसऱ्याच्या ताब्यातून वस्तू काढून नेली तरच चोरी होत असे. १७९९ साली लंडनमधील एका पेढीवरील बेझली नावाच्या रोखपालाने, ग्राहकाने ठेव म्हणून दिलेल्या रकमेतून १०० पौंडांची नोट परस्पर आपल्या खिशात घातली. न्यायाधीशांपुढे अडचण अशी की, नोट अजून पेढीच्या ताब्यात गेलीच नव्हती. ग्राहकाने ती आपल्या हाताने रोखपालास दिली, मग त्याने ती कोणाच्या ताब्यातून काढिली? म्हणून ती चोरी ठरली नाही. पेढीवाल्यांत खळबळ उडाली, आणि त्याच वर्षी पार्लमेंटने नोकराने केलेल्या अपहारास दंड करणारा नवा कायदा केला.

आमच्या देशात १८६० सालच्या दंडसंहितेने ही उणीव प्रथमपासूनच ठेविली नाही. तीत चोरी, बळजबरीची चोरी, दरोडा, अपहार, न्यासभंग व ठकबाजी ह्यांची निरनिराळी कलमे होती. दरोडा कशास म्हणावे ह्याचीही मोजणी होती: पाच किंवा अधिक जण एकत्र आले तर. ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. हिच्यात चोरीचे कलम ३०३, अपहाराचे ३१४, आणि सोपविलेल्या मालमत्तेच्या न्यासभंगाचे ३१६ आहे. साध्या चोरीच्या पहिल्या अपराधास कैद तीन वर्षांपर्यंत आहे. न्यासभंगास पाच वर्षांपर्यंत. लोक मवाळ शब्दांनी झाकतात ते कृत्य सरकारच्या तराजूत जड ठरले आहे.

अपहाराच्या कलमास जोडलेला एक खुलासा प्रत्येक खजिनदाराने समजून घ्यावा. तो जुन्या संहितेत होता, नवीतही आहे. खुलासा असा की, केवळ काही काळापुरता केलेला अपहारही अपहारच होय. त्याचे उदाहरण असे दिले आहे: एकास दुसऱ्याचे सरकारी कर्जरोख्याचे कागद सापडले, ते कोणाचे हे त्यास ठाऊक आहे, तरी पुढे कधीतरी परत करू अशा बेताने तो ते पेढीवर गहाण ठेवून कर्ज काढतो. तो अपराधी आहे. "पगार आला की भरतो", "कापूस विकला की टाकतो", ह्या बोलण्यास कायद्याने जागा ठेविली नाही.

आणि विवेकबुद्धीनेही ठेवू नये. ज्याने रक्कम "वापरली", त्याचा कापूस बोंडअळीने गेला, तर तोटा कोणाचा? तो आजारी पडून वारला, तर त्याच्या विधवेस कोण विचारील? मंडळीने हे कर्ज दिले नाही, व्याज ठरविले नाही, जामीन घेतला नाही. तिला न विचारता तिच्यावर सर्व धोका टाकिला गेला. उसने घेणे म्हणजे मागून घेणे. मागितलेच नाही ते उसने कसे?

मोशेचे नियमशास्त्र ह्या बाबतीत सूक्ष्म आहे. लेवीय ६:२–३ मध्ये शेजाऱ्याने सोपविलेली ठेव नाकारणे, गहाणाविषयी लबाडी, हिसकावून घेणे, नाडणे, आणि सापडलेल्या वस्तूविषयी खोटे बोलणे, ही एका रांगेत उभी केली आहेत. विशेष असे की, ही सर्व शेजाऱ्याविरुद्धची कृत्ये असून आरंभीच त्यांस परमेश्वराचा विश्वासघात म्हटले आहे. तेथील इब्री शब्द माअल हा यहोशवा ७:१ मध्ये आखानाविषयी आला आहे. शेजाऱ्याची ठेव बुडविणारा आणि देवास वाहिलेले सोने पुरणारा, ह्या दोघांस एकच नाव!

भरपाईचे प्रमाणही तेथेच आहे: मुद्दल व वर पाचवा हिस्सा. आजच्या हिशेबाने ५००० रुपये दाबले असतील तर ६००० भरावयाचे. मेंढरू चोरून कापले वा विकले तर चौपट होते, ते जिवंत सापडले तर दुप्पट (निर्गम २२:१, ४). मग आपल्या तोंडाने पाप पदरी घेणाऱ्यास पाचवाच हिस्सा का? आम्हांस वाटते, परत येण्याची वाट फार उंच करून ठेविली तर कोणी चढणार नाही, म्हणून. जक्कयाने मात्र ती सवलत घेतली नाही. त्याने चौपटीचे माप स्वतःच निवडिले (लूक १९:८). कोणी उपदेशक आपण होऊन पंचांपुढे येऊन कबूल करील, तर पंचांनी ही दोन्ही वचने काढून वाचावी, रक्कम व हप्ते कागदावर लिहावे, आणि मंडळीपासून गोष्ट लपवू नये. रक्कम भरली म्हणून सरकारी अपराध पुसला जात नाही, हेही त्यास स्पष्ट सांगावे. पश्चात्तापाची फळे दिसल्यावर तो प्रभुभोजनास बसेल. पेटीची किल्ली मात्र त्याच्या हाती पुन्हा देऊ नये. क्षमा निराळी, किल्ली निराळी.

एवढे उपदेशकाविषयी झाले. आता पंचांनी कान द्यावा. लेवीय १९:१३ ह्या एकाच वचनात तीन मनाया आहेत: शेजाऱ्यास नाडू नको, त्यास लुटू नको, आणि मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. मजुरी अडवून धरणे हे लुटीच्या शेजारी बसविले आहे. मजूर त्याच दिवशी संध्याकाळी वाट पाहत असे. आमच्या कित्येक मंडळ्यांत उपदेशकाचे वेतन तीन तीन महिने थकते, आणि त्याच्याच घरातील कपाटात दानपेटी ठेविलेली असते. मुलाच्या शाळेची फी भरावयाची आहे, वाणी दारात उभा आहे, आणि चार पावलांवर पेटी. पेटीस हात लाविला तर ती चोरी, ह्यात आम्ही तिळभर सूट देत नाही. परंतु ज्यांनी वेतन थकविले तेही त्याच वचनात सापडतात, आणि चौकशीच्या बैठकीत तेच न्यायाधीश होऊन बसतात हे पाहून आम्हांस दुःख होते. याकोब ५:४ त्या बैठकीच्या आरंभी वाचावे.

मग करावे काय? योवाश राजाची पेटी सर्वांस ठाऊक आहे. परमेश्वराच्या मंदिराची मोडतोड दुरुस्त करण्यासाठी आलेले पैसे याजकांनी घ्यावे व त्यांतून काम करावे असे ठरले होते. परंतु राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष आले तरी दुरुस्ती झालेली नव्हती (२ राजे १२:६). शास्त्राने याजकांवर चोरीचा आरोप केलेला नाही, आम्हीही करीत नाही. पैसे येत होते, काम होत नव्हते, एवढेच नमूद आहे. आणि असे असले की लोकांचे हात आखडतात. मग यहोयादा याजकाने झाकणास भोक पाडून पेटी वेदीजवळ ठेविली. २ इतिहास २४ मध्ये ह्याच पेटीचा वृत्तांत आहे, आणि तेथे त्या प्राचीन ग्रीक भाषांतरात पेटीस ग्लोस्सोकोमोन म्हटले आहे. यहूदाजवळच्या पेटीस योहानाने वापरलेला शब्द हाच! मूळ अर्थाने बासरीसारख्या वाद्यांच्या जिभा ठेवण्याची ती लहान डबी. नाव एक, पेट्या दोन. एकीस एक मनुष्य वाहत होता. दुसरीतील पैसे राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, असे दोघे दोन निरनिराळ्या ठिकाणचे अधिकारी मिळून मोजीत व थैल्यांत बांधीत.

ह्याच अध्यायातील पंधरावे वचन दाखवून काही बंधू म्हणतात की, कामावरच्या माणसांचा हिशेब घेत नसत, कारण ते विश्वासूपणे वागत. मग आमच्या खजिनदाराकडून हिशेब का मागावा? त्यांनी दहावे वचन आधी वाचावे. मोजणी दोघांच्या देखत होऊन गेली होती, थैल्या बांधल्या होत्या, मगच ती रक्कम कारागिरांवरील मुकादमांच्या हाती गेली. सुतारास प्रत्येक खिळ्याचा जाब विचारू नये, हे ठीक. पेटी मोजूच नये, असे तेथे कोठेही नाही.

एज्राची कृती तर अधिकच बोधक आहे. त्याच्याजवळ सहाशे पन्नास किक्कार रुपे, शंभर किक्कार सोने व मोलवान पात्रे होती, आणि बाबेलहून यरुशलेमेचा सुमारे चार महिन्यांचा रस्ता. वाटेत लेस्टेसांचे भय. राजाजवळ स्वार मागावयास त्यास लाज वाटली, म्हणून त्याने उपास करून प्रार्थना केली (एज्रा ८:२१–२३). परंतु आपल्याच बारा मुख्य याजकांच्या हाती धन देताना त्याने तराजू काढिला. जाताना वजन केले, पोहोचल्यावर चौथ्या दिवशी मंदिरात पुन्हा वजन केले, आणि सर्व वजन त्याच वेळी लिहून ठेविले. बाहेरच्या दरोडेखोरासाठी प्रार्थना, आतल्या पवित्र माणसांसाठी तराजू. आणि ह्या याजकांनी आपला अपमान झाला म्हणून कुरकुर केल्याचे शास्त्रात नाही.

महाराष्ट्रात ज्या मंडळ्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणून नोंदलेल्या आहेत त्यांस १९५० सालच्या अधिनियमाप्रमाणे हिशेब ठेविणे व तपासून घेणे बंधनकारकच आहे. विश्वस्त ह्या शब्दाचा अर्थ ज्यावर विश्वास टाकिला तो. त्याचे अपहाराशी नाते उलटे आहे. अलीकडे दान मोबाईलवरूनही येते. ते उपदेशकाच्या किंवा खजिनदाराच्या खाजगी खात्यात घेऊ नये, मग तो कितीही सज्जन असो. दोघांच्या सहीचे मंडळीच्या नावाचे खाते असावे. खाजगी खात्यात वाण्याची उधारी आणि विधवेचे दान एकत्र झाले की कोणता रुपया कोणाचा हे खातेदारासही सांगता येत नाही, आणि अपहाराचा आरंभ पुष्कळदा ह्याच मिसळीतून होतो.

हिशेबाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो निर्दोष मनुष्यासाठी. जेथे मोजणी नाही तेथे कुजबूज असते. उपदेशकाने मुलीच्या लग्नास नवे लुगडे घेतले की विहिरीवर बोलणे निघते, आणि त्याच्याजवळ दाखवावयास कागद नसतो. अशा कुजबुजीने चांगली माणसे सेवेतून गेली आहेत. पौलास हे ठाऊक होते. यरुशलेमेतील गरिबांसाठी मासेदोनिया, अखया इत्यादी प्रांतांतून जमविलेली मोठी रक्कम त्याने एकट्याने नेली नाही. तीताबरोबर त्याने दोन बंधू दिले (२ करिंथ ८:१८, २२), आणि त्यांपैकी एकास मंडळ्यांनी निवडले होते. तेथील ग्रीक शब्दात हात वर करून निवडण्याचा अर्थ आहे. कारणही त्याने लपविले नाही: ह्या रकमेच्या व्यवस्थेविषयी कोणी आम्हांस दोष लावू नये. प्रभूच्या दृष्टीने जे चांगले तेवढ्यावर तो थांबला नाही, माणसांच्या दृष्टीने चांगले तेही त्याने पाहिले. ज्याने तिसऱ्या स्वर्गापर्यंतचे दर्शन पाहिले, त्यास पैशाच्या थैलीजवळ साक्षीदार हवे वाटले.

खेड्यातून एक अडचण नेहमी सांगण्यात येते: आमच्या वाडीत लिहिता-वाचता येणारा एकटा उपदेशकच आहे, दुसरा मोजणारा कोठून आणावा? मोजण्यास अक्षर लागत नाही. जी बाई दर आठवड्यास बाजारी बसून मेथीच्या जुड्या विकते, तिला नाणी व नोटा कोणत्याही पंचापेक्षा लवकर मोजता येतात, आणि फाटकी नोटही ती आधी ओळखते. उपासना संपताच, लोक उठण्यापूर्वी, तिने व आणखी एकाने पेटी सर्वांसमक्ष जमिनीवर रिकामी करावी, रक्कम मोठ्याने सांगावी, उपदेशकाने ती वहीत लिहावी, आणि दोघांनी अंगठे उठवावे. सुगीच्या दानाचे धान्य आले असेल तर तेही त्याच वेळी तराजूत घालावे. ह्यास दहा मिनिटे पुरतात.